मॉनिटर वहिनींचा, कान भाऊजींचे

कानसेन हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. विजेच्या मोटारींचं तारेचं वाइंडिंग करून देणाऱ्या ज्या वर्कशॉपमध्ये त्याची उमेदीची वर्षं गेली, तिथल्या मालकाने ते त्याला चिकटवलं, आणि ते असं चिकटलं की घरची माणसं सोडली तर दुसऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नाही. कारणही तसंच होतं. गिऱ्हाईक बिघडलेली मोटार टेबलावर ठेवून तिची कुळकथा सांगायला लागलं की हा म्हणायचा, "तुम्ही थांबा, तिलाच बोलू द्या." मग मोटार क्षणभर चालवायचा, मान एका अंगाला कलती करायचा आणि सांगायचा, "वाइंडिंग ठणठणीत आहे. मागचं बेअरिंग गेलंय." उघडून बघावं तर बहुतेक वेळा तसंच निघायचं. कधी चुकायचाही. पण चुकला की सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा, त्यामुळे त्याच्या चुका लोकांच्या फारशा लक्षात राहिल्या नाहीत.

डोळे गेले ते एका दिवसात नव्हे. आधी केसासारखी बारीक तांब्याची तार दोन-दोन दिसायला लागली. मग कडेकडेने अंधार आत सरकू लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, डोळ्यामागची नस सुकत चालली आहे, आहे तेवढं जपायचं. जपलं, पण टिकलं नाही. तारेचे वेढे मोजताना हात अडखळायला लागले तेव्हा कोणी सांगायच्या आधीच त्याने आपली पक्कड आणि कावीळ झाल्यासारखा पिवळा पडलेला ॲप्रन मालकाच्या हवाली केला. लग्न केलेलं नव्हतं, राहायची खोली भाड्याची. दादा, म्हणजे थोरला भाऊ, बसडेपोत मेकॅनिक. तो एका रविवारी टेम्पो घेऊन आला, सामान भरलं आणि म्हणाला, "चल. पुढची खोली तुझी."

पुढच्या खोलीत कॉट टाकली गेली आणि कानसेन तिच्यावर आडवा झाला. बराच काळ तो तसाच आडवा राहिला. रेडिओ लावायचा आणि ऐकायचा नाही. भेटायला येणारी माणसं आवाज खाली घेऊन बोलायची, जणू घरात कोणी आजारी झोपलंय. त्याच्याशी बोलताना "बघ" हा शब्द तोंडात आला की चपापायची, मग "ऐक" म्हणायची. त्याला ते चपापणं ऐकू यायचं आणि तो भिंतीकडे कूस वळवायचा.

चपापल्या नाहीत त्या एकट्या वहिनी. त्या मुळातच घाईच्या. पूर्वी एका फोटो स्टुडिओत ब्रशने रिटचिंग करायच्या. स्टुडिओ बंद पडला तेव्हा कॉम्प्युटर शिकल्या आणि घरीच जुने, फाटके, डाग पडलेले फोटो दुरुस्त करून द्यायला लागल्या. कॉम्प्युटरचं टेबल कॉटच्या उशालाच होतं. एक दिवस त्या स्वयंपाकघरातून मिक्सर घेऊन आल्या आणि त्याच्या पोटावरच ठेवला. "भाऊजी, हा घुरघुरतोय. बघा जरा."

"मी काय बघणार वहिनी?"

"मग काय मी बघू? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

त्याने मिक्सर उघडला. मोटारीतला कार्बन झिजला होता. वहिनींनी दुकानातून नवीन आणून दिला, त्याने तो चाचपडत बसवला. त्यात सकाळची दुपार झाली, पण त्या दुपारी तो बऱ्याच दिवसांनी उठून, पाटावर बसून जेवला. त्यानंतर इस्त्री आली, शेजारणीचा टेबलफॅन आला. पुढे वहिनींनीच कुठूनशी खबर काढली की अंधांच्या एका संस्थेत कॉम्प्युटर शिकवतात, पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो. दादा म्हणाला, "या वयात?" वहिनी म्हणाल्या, "वय कॉम्प्युटरला दिसत नाही."

तो शिकला. कीबोर्डवर बोटं ठेवली की त्याला तारेचे वेढे घालतानाचं ते जुनं सुख व्हायचं. सकाळची वेळ त्याची, दुपारची वहिनींची, असं ठरून गेलं. सकाळी मॉनिटर बंदच असायचा आणि स्पीकरमधून ती वाचणारी बाई शब्द चावत-चावत वर्तमानपत्र वाचून दाखवायची. वहिनींचं तिच्याशी कधी जमलं नाही. दुपारी खुर्चीत बसता-बसता त्या म्हणायच्या, "आधी तुमच्या बाईला गप्प करा. माउस हलवला तरी बडबडते मेली."

"अहो, एकटीच आहे बिचारी."

"एकटी असूनसुद्धा चाळभर ऐकू जातेय."

अशा या घरात नाक्यावरचा न्हावी एक फोटो घेऊन आला. त्याच्या आईचा. घरात पाणी शिरलं होतं तेव्हा तो भिजला होता. अर्धा चेहरा डागाखाली गेलेला, एका डोळ्याच्या जागी नुसता पांढरा ओरखडा. न्हाव्याची धाकटी बहीण दूरदेशी असते. ती तान्ही असतानाच आई गेली, आणि आईचा हा एवढाच फोटो. बहीण आता यायची होती. भावाची इच्छा एवढीच की तिने दारातून आत यावं आणि समोर आईचा धड चेहरा असावा.

वहिनींनी जीव ओतला. त्या चेहऱ्याचा जो भाग शाबूत होता त्यावरून दुसरा भाग उभा करायचा, पण आरशासारखा उलटा करून चिकटवायचा नाही. कारण माणसाच्या दोन बाजू कधी सारख्या नसतात, हे त्यांचं म्हणणं. न्हाव्याला समोर बसवून त्यांनी त्याच्या भुवया न्याहाळल्या. कानसेन कॉटवर पडल्या-पडल्या माउसची टिकटिक ऐकायचा. त्याला आणखीही एक ऐकू यायचं. कॉम्प्युटरच्या डब्यातून एक बारीक खरखर.

"वहिनी, आत कुठलातरी पंखा कोरडा पडलाय."

"एवढा फोटो होऊ दे हो भाऊजी, मग काय ते उघडा."

बहीण ज्या दिवशी यायची त्या दिवशी सकाळपासून वहिनींनी टेबल सोडलं नाही. सकाळची वेळ कानसेनाने आपणहून देऊन टाकली होती. कॉम्प्युटरवर हळू आवाजात जुनी गाणी चालू होती. दुपार कलली, आणि कानसेनाच्या लक्षात आलं की ती खरखर थांबली आहे. त्याला बरं वाटलं. मग वाटलं, कोरडा पंखा आपोआप कसा बरा होईल? तो उठून बसला आणि तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी ओरडल्या.

"गेला! भाऊजी, गेला सगळा!"

"काय झालं?"

"पडदा काळा! एकदम! माझं सकाळपासूनचं काम..." खुर्ची करकरली. वहिनी खाली वाकत होत्या, डब्याच्या बटणाकडे.

"हात लावू नका!" कानसेन इतक्या जोरात ओरडला की तोच दचकला. वहिनींना तो कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता. "वहिनी, गाणं ऐकू येतंय ना?"

खरंच, स्पीकरमधून गाणं चालूच होतं, काही घडलंच नाही अशा थाटात.

"मशीन जिवंत आहे. फक्त पडदा गेलाय. बटण दाबलंत तर तेही जाईल. फोटो सेव्ह केला होता?"

"काल केला होता. आज नाही," वहिनी म्हणाल्या. सेव्ह करण्यावरून त्याने त्यांना पूर्वीही टोकलं होतं, पण ही काही ते काढायची वेळ नव्हती. तो टेबलाकडे सरकला. "तुम्ही उठा. मला बसू द्या. माउसला धक्का लावू नका, नाहीतर आईंच्या कपाळावर रेघ उठायची."

खुर्चीत बसून त्याने बोटं पुसली. वर्तमानपत्र ऐकणं वेगळं, आणि दुसऱ्याच्या कष्टांवर आंधळेपणी हात घालणं वेगळं. त्याने ठरावीक तीन बटणं एकदम दाबली. गाण्याच्या मध्येच ती बाई बोलायला लागली, नेहमीसारखी शब्द चावत. फोटोच्या प्रोग्रॅमचं नाव तिने घेतलं, फाइलचं नाव घेतलं, "आई".

वहिनींनी त्याच्या खांद्यावर हात टेकला. हात थंडगार होता.

त्याने 'सेव्ह ॲज'ची बटणं दाबली. बाई म्हणाली, फाइलला नाव द्या. त्याने तेच नाव टाइप केलं. बाई म्हणाली, "आई या नावाची फाइल आधीच आहे. तिच्या जागी ही ठेवायची?"

"काय करू? हो म्हणू?"

"नको, नको! तो कालचा आहे. हा नीट उतरला नाही तर निदान तो तरी राहू दे."

"बरोबर." तो मागे आला आणि नाव दिलं, "आई नवीन". एंटर मारलं. डिस्क करकरली, आणि कानसेनाला त्या क्षणी तिच्याइतकं गोड दुसरं काही वाटलं नाही. मग त्याने फोल्डर उघडून बाईकडून एकेक फाइल वाचून घेतली. "आई." खालचा बाण. "आई नवीन." आजची तारीख, आत्ताची वेळ.

वहिनी कॉटवर मटकन बसल्या. "माझा जीव भांड्यात पडला. भाऊजी, तुमच्या या बाईला मी आजपासून काही बोलणार नाही."

"बोला की. तिला सवय झालीय."

पण पडदा काळाच होता, आणि काम अजून पुरं व्हायचं होतं. कानाची बाजू राहिली होती, शिवाय फोटो छापायला न्यायचा होता. कानसेनाने विचारलं, "मॉनिटरवर काही अक्षरं दिसतात का?"

"मघाशी सिग्नल नाही असं आलं. आता नुसता दिवा मिचमिचतोय."

"म्हणजे मॉनिटर धडधाकट आहे. त्याला फोटो पोचत नाहीये, एवढंच."

संस्थेत शिकवणाऱ्या सरांनी एकदा सांगितलेली एक युक्ती त्याला आठवत होती. चार बटणं एकदम दाबली की पडद्याचा कारभार नव्याने सुरू होतो. त्याने दाबली. स्पीकरमधून टुक आवाज आला. वहिनी म्हणाल्या, "आला! नाही... गेला परत."

"मग आतच बघावं लागणार." त्याने बाईच्या मदतीने कॉम्प्युटर रीतसर बंद केला, भिंतीतला प्लग काढायला लावला आणि थोडा वेळ जाऊ दिला. डबा टेबलावर आडवा घेतला. बाजूचं झाकण काढल्याबरोबर तापलेल्या धुळीचा वास आला. कानसेनाने तो ओळखला. मोटार जळते तेव्हा वार्निशचा एक कडू वास येतो, तसा हा नव्हता. त्याला हुरूप आला.

पण पहिल्यांदा तो चुकलाच. त्याच्या मनाने घेतलं की दोष मेमरीच्या पट्ट्यांचा आहे, कारण संस्थेतल्या एका कॉम्प्युटरचं तसं झालं होतं. त्याने त्या पट्ट्या काढल्या, पुसल्या, बसवल्या, प्लग लावून चालू करून पाहिलं. काही नाही. घड्याळाची टिकटिक दोघांनाही जरा जास्तच ऐकू येत होती.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी पंखा कोरडा पडलाय म्हणालात तो कुठला? आता सगळे फिरताहेत, पण हा उभ्या पाटीवरचा छोटा फिरत नाहीये."

कानसेनाने कपाळावर हात मारला. "तेच की! तो ग्राफिक कार्डाचा पंखा. पडद्यावर चित्र पाठवायचं काम त्या कार्डाचं. पंखा अडकला, कार्ड तापलं, त्याने मान टाकली. खरखर थांबली तेव्हाच मला कळायला हवं होतं, आणि मी मेमरी पुसत बसलो!"

पुन्हा प्लग निघाला. मग दोघांचं मिळून एक माणूस झालं. वहिनी सांगायच्या कुठे स्क्रू आहे, तो काढायचा. तो म्हणायचा इथे बोटाला काहीतरी लागतंय, त्या सांगायच्या काय आहे. कार्डाच्या टोकाला एक खिटी होती, ती दाबल्याशिवाय कार्ड सुटत नव्हतं. ती त्याच्या नखाला सापडली. कार्ड हातात आलं. पंख्याच्या पात्यांमध्ये धुळीची अक्षरशः गोधडी झालेली. वहिनींनी आपला रिटचिंगचा जुना मऊ ब्रश आणला, स्टुडिओतला, जो त्या कोणाला हात लावू देत नसत, आणि पातं न् पातं झाडून काढलं. मधल्या चकतीवर चिकटवलेला कागद उचलून कानसेनाने शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला आणि पंखा बोटाने फिरवत राहिला. आधी रेटा लागत होता. मग कमी लागला. मग एक हलकी टिचकी मारली तर पंखा आपला आपण फिरून थांबला. कार्डाच्या सोनेरी दातांवरून वहिनींनी खोडरबर फिरवला, कचरा झटकला. त्याने कार्ड खाचेत बसवलं. खट असा आवाज येईपर्यंत दाबलं, पॉवरची वायर खोचली, डबा उभा केला. मॉनिटरची केबलही, मोठ्या ऐटीत, मागे चाचपून स्वतःच लावली.

"करा चालू."

पंखे घुमले. त्यात तो छोटाही होता. कानसेनाने त्याला लगेच ओळखलं, आवाज अजून किंचित घोगरा, पण फिरत होता. तो वाट बघत राहिला.

"काळाच आहे," वहिनी म्हणाल्या.

आता मात्र त्याने हातपाय गाळले. खुर्चीच्या पाठीला टेकला आणि म्हणाला, "वहिनी, मला वाटतं कार्डच गेलं. न्हाव्याला कालचा फोटो देऊ. मला नाही जमलं."

वहिनी डब्याच्या मागे वाकल्या होत्या. तिथून त्यांचं हसू ऐकू आलं. आधी दाबलेलं, मग न आवरणारं.

"अहो भाऊजी, केबल लावलीत कुठे? ही वरच्या भोकात आहे. कार्ड खाली आहे!"

त्याने हात मागे नेला. खरंच. मदरबोर्डाचंही एक तोंड असतं, अगदी तशाच आकाराचं, आणि कार्ड बसवलेलं असलं की बहुतेक ते मुकं होतं. त्याने केबल मुक्या तोंडात खोचली होती. वहिनींनी ती काढून खाली लावली, आणि पुढच्याच श्वासाला म्हणाल्या, "आलं. भाऊजी, आलं!"

तोही हसत सुटला. दोघं एवढी हसली की शेजारीण डोकावून गेली.

उरलेलं काम मात्र जपून करायचं होतं. तेलाच्या एका थेंबावर त्या पंख्याची फार दिवस भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. कानसेनाने झाकण लावूच दिलं नाही. डब्याशेजारी स्टूल ओढून, कार्डाच्या जवळ तळहात धरून तो बसला. वहिनी कान रेखत होत्या, हा पंखा ऐकत होता. आवाज जरा जड झाला की म्हणायचा, "थांबा." वहिनी सेव्ह करायच्या, आता न सांगता, आणि दोघं पंख्याला दम घेऊ द्यायची. त्या वेळात वहिनी त्याला फोटोतलं सांगत. आईंची मान थोडी डावीकडे आहे. ओठ मिटलेत, पण हसू आवरलंय असं वाटतं, फोटो काढणारा काहीतरी गमतीचं बोलला असणार. उजव्या भुवईत एक बारीक खंड आहे, तोच न्हाव्याच्या भुवईत आहे. कानसेनाला फार दिवसांनी एखाद्याचा चेहरा असा सावकाश, भागाभागाने भेटत होता.

संध्याकाळ पडायच्या आत फोटो पुरा झाला. वहिनी पेनड्राइव्ह घेऊन धावत छापायला गेल्या.

परत आल्या तेव्हा न्हावी त्यांना दारातच भेटला, बहिणीला घेऊन. तिला घरी थांबवत नव्हतं म्हणे. तिने पाकीट उघडलं. कानसेन कॉटवर बसून कान लावून होता. मग त्याला कागदावरून बोट फिरल्याचा बारीक आवाज आला.

"हिची भुवई माझ्यासारखी आहे," बहीण म्हणाली. आणि मग ती रडली. तिचं रडणं ऐकून भाऊही नाक ओढायला लागला.

निघताना तिने वहिनींचे हात धरले असावेत, कारण वहिनी म्हणाल्या, "अहो, माझे एकटीचे हात नाहीत यात. हे आमचे भाऊजी. आज हे नसते तर तुमच्या आईंचा फोटो या डब्यातच राहिला असता." बहीण कॉटजवळ आली आणि तिने त्याचे हात हातात घेतले. तेलकट, धुळीने काळे झालेले असणार ते. त्याने मागे ओढायचा प्रयत्न केला, तिने सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातली टेक्निशियन आली, नवीन पंखा घेऊन. तरुण होती, बोलायला चटपटीत. तिने कार्ड तपासलं, चिपची उष्णता खेचणारी, आता सुकलेली पेस्ट बदलली आणि विचारलं, "तेल कोणी घातलं?" कानसेनाला वाटलं, आता बोलणी बसणार. ती म्हणाली, "शिवणयंत्राचं फार टिकत नाही काका, पण थेंब अगदी मापात पडलाय. माझ्याकडे अशा पंख्यांचा ढीग पडलाय. मला वेळ नाही. बघाल?"

त्याने काढलेला जुना पंखा चाचपून हातात घेतला. मग म्हणाला, "बघतो."

तेव्हापासून पुढच्या खोलीत कॉम्प्युटरच्या टेबलाला लागून आणखी एक छोटं टेबल आलं. दादाने ते डेपोतल्या सुताराकडून करून आणलं आणि कडेला पट्टी मारून घेतली, स्क्रू घरंगळू नयेत म्हणून. टेक्निशियन दर आठवड्याला अडकलेले पंखे आणून टाकते आणि फिरणारे घेऊन जाते. दुपारी एका टेबलावर वहिनींची टिकटिक आणि दुसऱ्यावर त्याची टिचकी, असं चालू असतं.

एका दुपारी पंखा पुसता-पुसता तो म्हणाला, "वहिनी, एक बोलायचं होतं. मी या घरात आलो तेव्हा सगळे मला आराम कर म्हणत होते. तुम्ही एकट्यांनी मला आराम करू दिला नाहीत. त्याचे उपकार आहेत माझ्यावर."

माउस थांबला. वहिनींना अशा बोलण्याची सवय नव्हती, आणि त्यालाही नव्हती.

"उपकार कसले? मिक्सर बिघडला होता," त्या म्हणाल्या. आवाज जरासा ओला होता. "आणि तेलाचे हात पडद्याला पुसू नका, कालच धुतलाय."

"खिडकीच्या पडद्याला?"

"हो. मॉनिटरला तर तुम्ही हातच लावू नका. तुम्ही केबल लावली की तो काळा होतो."

तो हसला. हात फडक्याला पुसले आणि ढिगातला पुढचा पंखा उचलून कानाशी धरला.